ओबेरिन मार्टेल जिंकत आलेली लढाई बहिणीच्या नावापायी का घालवतो?

तुम्ही विचारलंय, ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेतली एलिया मार्टेल तर कथा सुरू व्हायच्या कितीतरी आधी मेलेली. मग तिचा भाऊ ओबेरिन द्वंद्वात आडव्या पडलेल्या ग्रेगरचा, म्हणजे तिला मारणाऱ्याचाच, जीव घ्यायचा सोडून ‘तिचं नाव घे’ असा हट्ट धरून का बसतो? हा मूर्खपणा नाही का?

मला नाही वाटत. मालिकेतलं हे तिसरं पुस्तक (2000 सालचं) मी खानापूरला घरी वाचलं आणि ओबेरिन मला लगेच कळला.

एलिया म्हणजे डॉर्न नावाच्या दक्षिणेकडच्या मुलखाची लेक, राजघराण्यात दिलेली. नवऱ्यानं हॅरनहॉलच्या किल्ल्यात भर सामन्यात तिला ओलांडून दुसरीच्या मांडीवर फुलांचा मुकुट ठेवला. युद्ध पेटल्यावर सासऱ्यानं तिला राजधानीत अडकवून ठेवलं, तिचं माहेर फिरू नये म्हणून. शेवटी बंडखोरांना मिळालेल्या टायविन लॅनिस्टर या सरदाराची माणसं शहरात शिरली आणि ग्रेगरनं आधी तिचं तान्हं पोर मारलं, मग तिची अब्रू घेतली, मग तिलाही मारलं. पुढं नव्या राजाचा कारभारी जॉन ॲरिन डॉर्नला गेला, समजूत काढून आला. प्रकरण मिटलं. आपल्याकडं पंच बसून मिटवतात ना, तसंच.

पण माझ्या दृष्टीनं खरी जागा वेगळीच आहे. त्याच पुस्तकात टायविनचा मुलगा टिरियन बापाला विचारतो, एलियाला का मारलं? टायविन म्हणतो, तिला सोड असं मी सांगितलं नव्हतं. बहुतेक तिचा विषयच काढला नव्हता. म्हणजे ज्यानं माणसं धाडली, त्याच्या तोंडात तिचं नावसुद्धा आलं नव्हतं! मग भाऊ दुसरं काय मागणार? भाल्याला विष लावलेलंच होतं, ग्रेगर तसाही वाचणार नव्हता. ओबेरिनला हवा होता तो कबुलीचा शब्द. तो शब्द त्याला मिळतो, पण ग्रेगर ते बोलता बोलता त्याचं डोकं फोडतो.

माझ्या आजीची थोरली बहीण सासरी विहिरीत गेली. पाय घसरला म्हणाले. आजीचा भाऊ दर भाऊबीजेला फराळाची बुट्टी घेऊन त्या दारात जायचा. बुट्टी उंबऱ्यावर ठेवायचा, आत जायचा नाही. घरातली माणसं ‘आमची मयत’ म्हणायची. हा म्हणायचा, “तिला नाव हाय. नाव घ्या, आनि त्या दिवशी तिच्यासंगं इहिरीवर कोन होतं ते सांगा.” जमिनीचा तुकडा देऊ केला होता त्यांनी. यानं घेतला नाही. लोक त्याला येडा म्हणायचे. म्हातारपणी गुडघे गेले तरी एसटीनं जायचा.

कोणी सांगितलं नाही. तो गेला त्या वर्षी माझी धाकटी बहीण जन्मली. बारशाला आत्या नाव घेऊन बसली होती, पण आजीनं पाळण्याची दोरी धरली आणि स्वतःच नाव ठेवलं, तिच्या बहिणीचं. आमच्याकडं अजून त्या नावानं परसातून कोणी मोठ्यानं हाक मारली की आजी हातातला तांदूळ निवडायचा थांबते.