साक्ष आधी स्वतःविरुद्ध

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात प्रश्न दोन आहेत, पण रागाच्या भरात तू त्यांची गुंतवळ केली आहेस. पहिला असा : वडील गेल्यावर मोठ्या भावाने सगळी मालमत्ता तुम्हा दोघा भावांत निम्मी-निम्मी वाटली आणि बहिणीकडून 'मला काही नको' असं लिहून घेतलं, हे कुरआनला धरून आहे का? दुसरा तू शेवटी जवळजवळ फेकल्यासारखा लिहिला आहेस : पाचही वेळची नमाज पढणारा, जकात (ठरलेलं धार्मिक दान) चोख देणारा माणूस असा वागत असेल तर त्या ईमानचा, म्हणजे श्रद्धेचा, उपयोग काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी संपवू.

कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायाच्या ७ व्या आयतीत (वचनात) सांगितलं आहे की आईवडील आणि जवळचे नातेवाईक मागे जे ठेवून जातात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे, ते थोडं असो की पुष्कळ. हा वाटा ठरवून दिलेला आहे. 'थोडं असो की पुष्कळ' हे शब्द नीट वाच. 'आहेच किती, त्यात तिला काय देणार' ही पळवाट तिथेच बुजवली आहे. ११ व्या आयतीत प्रमाण येतं : मुलाला दोन मुलींइतका वाटा, तोही मृताचं कर्ज फेडून आणि वसियत (त्याने सांगून ठेवलेलं देणं) पूर्ण करून उरेल त्यातून. लगेच पुढे १३ व्या आणि १४ व्या आयतीत या वाटण्यांना अल्लाहने आखलेल्या हद्दी म्हटलं आहे. त्या पाळणाऱ्याला जन्नतचं वचन आणि ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा आहे. सूरह फज्रमध्ये मक्केतल्या श्रीमंतांना जे ठपके दिले आहेत, त्यांत यतीमाचा, म्हणजे अनाथाचा, मान न राखणं आहे आणि वारशाचा माल अधाशासारखा गिळणंही आहे.

भावाचं म्हणणं तू लिहिलं आहेस की वडिलांनी तिच्या लग्नात खर्च केला होता, तोच तिचा वाटा. वडिलांनी हयातीत केलेला खर्च हा वारसा नव्हे. वारसा माणूस गेल्यावर निर्माण होतो. तुझ्या शिक्षणावर झालेला खर्च तुझ्या वाट्यातून कोणी वजा केला का?

राहिला तिचा कागद. निसाच्याच ४ थ्या आयतीत महरबद्दल, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायच्या धनाबद्दल, म्हटलं आहे की स्त्रियांनी आपण होऊन, मनापासून त्यातलं काही सोडलं तर ते खुशाल घ्या. अट मनाच्या खुशीची आहे. २९ वी आयत तर सगळ्याच व्यवहारांबद्दल बजावते की एकमेकांचा माल नाहक खाऊ नका. वडिलांच्या दुःखात असलेल्या बहिणीपुढे दोन भावांनी कागद ठेवावा, माहेर तुटेल या धास्तीने तिने सही करावी, आणि त्याला आपण खुशी म्हणावं? मला हे पटत नाही. आधी तिचा वाटा तिच्या हातात पडू दे. काही महिने गेल्यावर तिला त्यातलं काही द्यावंसं वाटलं तर ते तिचं ती ठरवेल.

हिशेबही अवघड नाही. आई आधीच गेलेली, आजी-आजोबा नाहीत, तुम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. देणी आणि वसियत वजा जाता उरेल त्याचे पाच भाग : दोन भावाचे, दोन तुझे, एक तिचा. खात्रीसाठी एखाद्या जाणत्या आलिमला दाखवून घे, पण उत्तर बदलणार नाही.

आता तू पत्रात जे लिहिलं नाहीस त्याकडे येतो. भावाने निम्मी-निम्मी वाटणी केली, म्हणजे पाचातले अडीच भाग तुझ्याकडे आले. तुझा हक्क दोनांचा. बहिणीचा अर्धा वाटा, एकूण मालमत्तेचा दहावा हिस्सा, आज तुझ्या नावावर आहे. तू भावावर पाच पानं लिहिलीस आणि या दहाव्या हिश्शाबद्दल एक ओळ नाही.

तुला खजील करायला हे लिहीत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच निघतं म्हणून लिहितो. निसाची १३५ वी आयत तुला माहीत असेल, भाषणांत ती फार वापरली जाते. तिचा आशय असा : ईमानवाल्यांनो, न्यायावर ठाम उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष देणारे व्हा, मग ती साक्ष तुमच्या स्वतःविरुद्ध जावो, आईवडिलांविरुद्ध किंवा नातेवाइकांविरुद्ध जावो. क्रम बघ. नातेवाईक शेवटी आहेत, भाऊ तिथे कुठेतरी येईल. सगळ्यात आधी तू आहेस. भाषणं करणारे बहुतेकदा ही आयत उलट्या बाजूने सुरू करतात, आधी दुसऱ्यांचे नातेवाईक, मग आपले, आणि स्वतःपर्यंत येईतो वेळ संपलेली असते.

त्याच आयतीत पुढे आहे की कोणी श्रीमंत असो वा गरीब, अल्लाह दोघांच्याही जास्त जवळचा आहे. म्हणजे भाऊ कमावता आहे म्हणून त्याच्यापुढे दबू नकोस, आणि बहिणीची परिस्थिती बेताची आहे म्हणून तिला पाचव्या हिश्शापेक्षा जास्त हक्क आहे असंही म्हणू नकोस. तुझ्या पदरचं जास्त दिलंस तर ते पुण्य आहे, पण ते भावाच्या खिशातून करायचं नाही.

या आयतीला लागूनच जी १३६ वी आयत येते तिच्यापाशी मी अजूनही थबकतो. ती म्हणते : ईमानवाल्यांनो, अल्लाहवर, त्याच्या रसूलवर (प्रेषितावर), त्याने उतरवलेल्या किताबवर ईमान आणा. ज्यांना 'ईमानवाले' म्हणून हाक मारली त्यांनाच पुन्हा ईमान आणायला सांगितलं आहे, आणि तेही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला सांगितल्याबरोबर. मुफस्सिरांनी, म्हणजे कुरआनच्या भाष्यकारांनी, याचे अर्थ वेगवेगळे लावले आहेत. ईमानवर टिकून राहा, ते पक्कं करा, असा एक अर्थ बराच मान्य आहे. मला या दोन आयतींच्या शेजारातून एवढं कळतं की ईमान एकदा आणून ठेवून द्यायची वस्तू नाही. जिथे खरं बोललं की आपलंच नुकसान होतं, तिथे ते पुन्हा मागितलं जातं. सूरह हुजुरातमध्ये काही बद्दू (वाळवंटातले भटके) लोक 'आम्ही ईमान आणलं' म्हणत आले तेव्हा त्यांना उत्तर मिळालं की असं म्हणा, आम्ही शरण आलो. ईमान अजून तुमच्या अंतःकरणात उतरलेलं नाही. त्यांना हाकलून दिलं नाही, हेही लक्षात घे. तुम्ही आज्ञा पाळलीत तर तुमच्या कर्मांतलं काही कमी केलं जाणार नाही, असंही तिथेच सांगितलं.

म्हणून 'अशा ईमानचा उपयोग काय' हा प्रश्न विचारायला हरकत नाही, कुरआननेच तो आपल्याआधी विचारला आहे. सूरह माऊन उण्यापुऱ्या सात आयतींची. तीत यतीमाला धक्के मारणारा माणूस आणि नमाज पढूनही तिच्याबाबत गाफील असणारा, दिखावा करणारा, शेजाऱ्याला वापरायची साधी वस्तूही न देणारा माणूस एकाच दमात येतात. सूरह बकराच्या १७७ व्या आयतीत तोंड पूर्वेला करण्यात की पश्चिमेला करण्यात नेकी नाही असं सांगून मग नेकी म्हणजे काय ते मांडलं आहे : ईमान, मालाचा मोह असतानाही नातेवाईक, यतीम, गरजू, प्रवासी यांना तो देणं, नमाज, जकात, दिलेला शब्द पाळणं, संकटात धीर धरणं. नमाजही त्यात आहे, ती वगळलेली नाही. भावाकडे बघून तू नमाज सोडायची भाषा केलीस, ती मला मुळीच आवडली नाही. त्याच्या नमाजचा हिशेब तुझ्याकडे नाही.

आणि माऊन त्याच्या तोंडावर वाचून दाखवू नकोस. त्या आयती आपण स्वतःला वाचून दाखवायच्या आहेत. दिखावा मनात असतो आणि त्याच्या मनाची किल्ली तुझ्याजवळ नाही. हुजुरातची १२ वी आयत संशयापासून, दुसऱ्याच्या उणिवा हुडकण्यापासून आणि गीबतपासून रोखते. पाठीमागे निंदा करणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं तिथे म्हटलं आहे. तुझ्या पाच पानांपैकी निदान दोन त्यात मोडतात. त्याने बहिणीचा वाटा दिला नाही हे तू बोलू शकतोस, बोललंच पाहिजे. तो ढोंगी आहे हे तू ठरवू शकत नाहीस.

रागाबद्दल सूरह माइदाची ८ वी आयत आहे : एखाद्या लोकसमूहाबद्दलचं वैर तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये, न्याय करा, तो तकवाच्या (अल्लाहचं भय बाळगण्याच्या) जास्त जवळ आहे. ती वैऱ्यांबद्दल आहे हे खरं. पण वैऱ्याशीही न्याय करायचा असेल तर चिडून ज्याच्याशी अबोला धरला आहे त्या भावाशी किती करायला हवा? मदीनेत एक चोरी झाली होती, निसाच्या १०५ ते ११२ या आयतींच्या संदर्भात मुफस्सिर तो प्रसंग देतात. तपशिलात रिवायती (परंपरेने आलेली कथनं) वेगवेगळ्या आहेत. त्यांतली एक प्रसिद्ध रिवायत अशी की अन्सारांपैकी, म्हणजे मदीनेतल्या मुसलमानांपैकी, एकाने चिलखत चोरलं आणि आळ एका यहुद्यावर आला. चोराच्या कबिल्याची माणसं प्रेषितांकडे (स.) येऊन आपल्या माणसाची बाजू लढवू लागली. तेव्हा आयती उतरल्या : दगाबाजांचे वकील होऊ नका, जो स्वतः गुन्हा करून तो निरपराध्याच्या माथी मारतो, तो बोहतान (खोटा आळ) आणि उघड पापाचं ओझं उचलतो. यहुदी निर्दोष ठरला. आपल्या माणसाची अब्रू राखण्यासाठी सगळे एक झाले होते आणि वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, उतरली ती परक्याच्या बाजूने. ही आयत कायम तिलावतीत (पठणात) राहिली, पिढ्यानपिढ्या पढली गेली; कबिल्याची लाज झाकण्यासाठी ती कुणी वगळली नाही.

मग भावाच्या बाजूनेही काही असेल तर ते तुला मांडावं लागेल. वडिलांच्या आजारपणाचा खर्च त्याने केला असं तू ओझरतं लिहिलं आहेस. तो त्याने वडिलांना उसना म्हणून दिला असेल तर ते वडिलांवरचं कर्ज आहे आणि वाटणीआधी फिटायला हवं. मुलाचं कर्तव्य म्हणून केला असेल तर त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे, मालमत्तेतून नाही. हे त्यालाच विचार, तू गृहीत धरू नकोस. सूरह मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना माप पुरेपूर आणि दुसऱ्याला देताना कमी भरणाऱ्यांचा धिक्कार आहे. वाटणीच्या बैठकीत हे तिघांनाही लागू होतं.

बोलायचं कसं? मूसा आणि हारून या प्रेषितांना मिसरचा जुलमी राजा फिरऔन याच्याकडे पाठवताना त्याच्याशी मवाळ बोला असं सांगितलं होतं. तुझा भाऊ फिरऔन नाही आणि तू मूसा नाहीस. सूरह मरयममध्ये इब्राहीम आपल्या वडिलांशी बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्याची सुरुवात 'अब्बा' अशा हाकेने होते. वडील दगडांनी मारायची धमकी देतात, त्यावरही ते सलाम म्हणून त्यांच्यासाठी माफी मागायचं कबूल करतात. म्हणणं मात्र त्यांनी तसूभरही बदललं नाही. तुला हीच रीत धरायची आहे.

त्याच्याकडे जाशील तेव्हा तुझ्या दहाव्या हिश्शाची व्यवस्था आधी करून जा. 'मी माझ्याकडचा तिचा अर्धा वाटा दिला, राहिलेल्याचं बोलू' एवढंच म्हण. तो ऐकेल याची हमी मी देत नाही. नाही ऐकलं तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घाल. हुजुरातच्या ९ व्या आणि १० व्या आयतीत समेट घडवायला सांगितलं आहे, पण समेट न्यायाने करायला सांगितलं आहे. 'जाऊ दे, मिटवून टाका' म्हणून बहिणीलाच गप्प करणारा मध्यस्थ नको. तरीही निभावलं नाही आणि ती कायद्याने हक्क मागायला गेली, तर तिने नातं तोडलं असं तुमच्यापैकी कुणी म्हणू नये. नातं तोडणारा तिचा अर्ज नसेल.

वाटणी होईल तेव्हा निसाची ८ वी आयत विसरू नकोस. वारस नसलेले नातेवाईक, यतीम, गरीब वाटणीच्या वेळी हजर असतील तर त्यांनाही त्यातलं काही द्या आणि त्यांच्याशी गोड बोला, असं तिथे आहे. आणि सगळं लिहून काढ. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, बकराची २८२ वी, उसनवारीचा कागद करण्याबद्दल आहे : लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, ज्याच्यावर देणं आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी लिहायचा कंटाळा करू नये. तुझ्या व्यवहारात देणं तुझ्यावर आहे, म्हणून मजकूर तू सांग. एक प्रत बहिणीकडे राहू दे. तिला वाटा रोख हवा की घरात, हे कागद करण्याआधी तिलाच विचार.

काय झालं ते कळव. दुआत तुझी आठवण आहे, भावाचीही.

वस्सलाम,
तुझा चाचा