इटालिकचे वळण

प्रश्न : पुतणीच्या लग्नाची पत्रिका मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापायची आहे. इंग्रजी बाजूसाठी आम्ही गॅरामंड या सेरिफ (अक्षरांच्या टोकांना बारीक पट्ट्या असलेल्या) टाइपाचे इटालिक, म्हणजे तिरपे वळण, निवडले; पण छापखान्यातून आलेल्या नमुन्यात अक्षरे नुसती कलंडल्यासारखी दिसतात, त्यांत डौल नाही. मराठी मजकूरही त्याच पद्धतीने तिरपा केला आहे. नेमके काय चुकले असावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या नजरेला जे खटकले, ते योग्यच खटकले. वर्णनावरून असे वाटते की, त्या संगणकावर गॅरामंडची केवळ उभी अक्षरे असावीत. इटालिकची स्वतंत्र फाइल नसली, तर पुष्कळशा संगणकप्रणाली उभी अक्षरेच ठरावीक अंशांनी तिरपी करून देतात आणि त्यालाच इटालिक म्हणतात. खरे इटालिक असे तयार होत नाही.

इटालिक हे मुळात हाताचे वळण आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचे निक्कोलो निक्कोली यांच्यासारखे विद्वान जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला करताना जे भरभर, किंचित उजवीकडे झुकलेले अक्षर काढीत, त्या परंपरेतील अक्षराचे छपाईचे खिळे व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतियुस यांच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने कोरले आणि १५०१ मध्ये प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांचे हातात सहज मावेल असे पुस्तक त्यांत सबंध छापले गेले. त्या पुस्तकात मोठी अक्षरे, म्हणजे कॅपिटल, मात्र उभीच होती. तिरपी कॅपिटल पुढे आली, आणि उभ्या अक्षरांची जोडीदार म्हणून इटालिक वापरण्याची रीतही त्यानंतरच रुजली. आज गॅरामंड या नावाने मिळणाऱ्या काही उत्तम टाइपांत उभी अक्षरे क्लोद गारामाँ यांच्या वळणाची, तर इटालिक रोबेर ग्राँझों या दुसऱ्याच फ्रेंच कारागिराच्या वळणाचे असते. दोन वेगळ्या हातांची ही जोडी इतकी जमली आहे की, आज ती एकाच घरची वाटते.

आपल्याकडील बालबोध आणि मोडी यांचे नाते येथे आठवावे. मोडी म्हणजे तिरपी केलेली बालबोध नव्हे. बोरू शक्यतो न उचलता लिहिण्याच्या ओघात तिच्या अक्षरांचे आकारच पालटले. रोमन, म्हणजे उभी अक्षरे, आणि इटालिक यांतले अंतर त्यामानाने पुष्कळ कमी आहे, परंतु त्यामागचे कारण त्याच जातीचे आहे.

भिंग घेऊन लहान लिपीतील ‘एन’ पाहा. उभ्या अक्षरात दोन्ही पायांखाली आडव्या पट्ट्या असतात, जणू अक्षर पाटावर उभे आहे. इटालिकमध्ये त्या पट्ट्या जातात. डावीकडून लेखणी टेकल्याची बारीक रेघ येते, कमान उभ्या दांड्याच्या बऱ्याच खालून फुटते आणि शेवटचा पाय पुढच्या अक्षराकडे हलकेच वळतो. ‘ए’ हे दुमजली अक्षर एकमजली होते. ‘एफ’ बहुधा ओळीच्या खाली उतरतो. धातूच्या खिळ्यांच्या काळी त्याचे टोक खिळ्याच्या अंगाबाहेर आलेले असे आणि ते मोडू नये म्हणून जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला, फार जपावे लागे. आपल्या नमुन्यात ‘ए’ दुमजलीच असेल आणि ‘एन’च्या पायांखाली पट्ट्या असतील, तर ते बनावट इटालिक आहे. अशा अक्षरांत उभ्या रेघा किंचित बारीक होतात आणि गोल ‘ओ’ वरच्या उजव्या अंगाला सुजल्यासारखा दिसतो.

छापखान्याला खरे इटालिक बसवून घेण्यास सांगावे. ईबी गॅरामंड हा टाइप विनामूल्य मिळतो आणि त्याचे इटालिक ग्राँझोंच्या वळणावर बेतलेले आहे. कॉर्मरंट हा टाइपही देखणा आहे, परंतु त्याच्या रेघा फार नाजूक आहेत. खरखरीत हातकागदावर लहान आकारात त्या तुटतात, म्हणून तो वधूवरांच्या नावांपुरता आणि मोठ्या आकारात घ्यावा. अक्षरांमध्ये जास्तीची जागा सोडू नये, कारण इटालिकचा ओघ त्या जवळिकीवरच चालतो. संपूर्ण पत्रिकाही इटालिकमध्ये नको. स्थळ, वेळ आणि पत्ता उभ्या अक्षरांत असले की वडीलधाऱ्यांना चष्मा सावरावा लागत नाही.

मराठी मजकूर मात्र कृपया उभाच ठेवावा. ‘कुंकुमतिलक’ हा शब्द घ्या. यंत्राने अक्षर तिरपे केले की शिरोरेषा आडवीच राहते, वरचा अनुस्वार उजवीकडे सरकतो, खालचा उकार डावीकडे जातो, आणि ‘कुं’ या एकाच अक्षराचे तीन भाग एकमेकांपासून फाकतात. ‘कृपेने’ मध्ये मात्रा आणि ऋकार यांचेही असेच होते. देवनागरीला डौल हवा असेल, तर बोरूच्या वळणाचा, जाड-बारीक रेघांचा टाइप निवडावा. तिचे सौंदर्य तेथे आहे.

प्रश्न : मराठी पुस्तकात ग्रंथांची नावे तिरप्या टाइपात द्यावीत का?
– एक मुद्रितशोधक, पुणे

उत्तर : माझे मत नाही असे आहे. इंग्रजीत ग्रंथनामे आणि जहाजांची नावे इटालिकमध्ये देण्याची रीत आहे, कारण तेथे उभ्या अक्षराला चारशे वर्षांहून जुना जोडीदार आहे. मराठीत एकेरी अवतरणचिन्हे रूढ आहेत आणि ती पुरेशी आहेत. जोर द्यायचा असेल, तर ठळक टाइप घ्यावा. मराठी मजकुरात रोमन लिपीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव आले, तर ते मात्र इटालिकमध्येच द्यावे आणि तेवढ्यासाठी तरी संगणकावर इटालिकची खरी फाइल ठेवावी.