शेवटचा प्रसंग कोणत्या तारखेचा?

ताई, तुमच्या चार पानी पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिली आहे. ‘शिवजयंतीला ड्युटी होती. मी कॉलवर असताना त्याने मागून येऊन हेडसेटची वायर बोटाला गुंडाळली आणि अजून रुसलीस का, असं विचारलं. पण ते तसं किरकोळ.’ ते किरकोळ नाही. तुमचं सगळं प्रकरण कदाचित याच ओळीवर टिकेल.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. या ताई आपत्कालीन मदत क्रमांकाच्या केंद्रात कॉल घेतात. नोकरी कंत्राटदाराकडे, अकरा महिन्यांच्या करारावर. ९ नोव्हेंबरच्या रात्रपाळीत शिफ्ट इन्चार्जने पॅन्ट्रीत त्यांचा हात धरला आणि नको ते बोलला. त्यांनी पाच दिवसांनी एचआरला व्हॉट्सअॅप केलं, ‘सर, थोडं बोलायचं होतं.’ एचआरने ‘बसून बोलू’ म्हणून सांगितलं, ते आजतागायत बसलेले नाहीत. जानेवारीपासून ताईंना सलग रात्रपाळ्या लागल्या आहेत. आता एप्रिल संपत आला आहे, आणि त्या विचारतात, ‘अजून त्रास चालूच आहे, मग मुदतीचा प्रश्न येतो का?’

येतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम ९ सांगतं की, लेखी तक्रार प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. प्रसंगांची मालिका असेल, तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं, तर अशा तक्रारींची चौकशी करणारी कामाच्या ठिकाणची समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे या कलमात वाट नाही.

तुम्ही रात्रपाळ्यांना ‘चालू असलेला त्रास’ धरून बसला आहात. तो धोका पत्करू नका. पश्चिम बंगालमधल्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्यांनी सांगितलेला छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मधल्या काळात त्यांना एका केंद्राच्या संचालकपदावरून काढलं होतं, आणि हा त्याच छळाचा पुढचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. ती प्रशासकीय कारवाई ठरली आणि तक्रार मुदतबाह्य झाली. तुमचा इन्चार्ज हाच निकाल घेऊन येईल. रोस्टर बदलला हा सूड असेल, मला स्वतःला तो तसाच वाटतो, पण मुदत मोजताना तो तुमच्या उपयोगी पडेल याची खात्री मी देणार नाही.

म्हणून १९ फेब्रुवारीची ती वायर महत्त्वाची. तो स्पर्शाच्या अंतरावर आला, आधीच्या प्रसंगाची आठवण करून देणारं बोलला. हा त्याच मालिकेतला पुढचा प्रसंग आहे, असं आपण मांडणार. समितीने ते मान्य केलं, तर तीन महिने १९ मेला संपतात. नाही मान्य केलं, तर ९ नोव्हेंबरपासूनचे सहा महिने ९ मेला भरतात. आपण ९ मे हीच तारीख धरायची. तक्रारीसोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडा. त्यात एचआरचा तो मेसेज, त्याचं उत्तर, मार्चमध्ये करार संपणार असल्याची भीती, सगळं लिहा. समितीच्या स्थापनेचा आदेश दर्शनी भागात लावणं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या फ्लोअरवर तो नसेल, तर कुठे जायचं हेच कळलं नव्हतं, या म्हणण्याला आधार मिळतो. उद्याच तो बोर्ड बघून या.

आता पुराव्याचं. त्या क्षणी तुम्ही कॉलवर होता, म्हणजे माइक चालू होता. आपत्कालीन कॉल रेकॉर्ड होतात. पलीकडे अपघाताची माहिती देणारा माणूस आणि अलीकडे, तुमच्या खांद्यामागून, इन्चार्जचा आवाज, हे दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये असण्याची शक्यता आहे. त्या कॉलची वेळ आणि नोंद क्रमांक आठवून लिहून ठेवा. पण ते रेकॉर्डिंग स्वतःच्या मोबाइलवर उतरवून घेऊ नका. त्यात कुणा जखमी माणसाची माहिती आहे, आणि गोपनीयतेचा भंग म्हणून तुम्हालाच घरी बसवायला कंपनीला आयतं निमित्त मिळेल. समितीला दिवाणी न्यायालयासारखे कागदपत्रं मागवण्याचे अधिकार आहेत. तक्रारीतच लिहा, हे रेकॉर्डिंग आणि पॅन्ट्रीबाहेरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. सीसीटीव्हीवर पुढचं चित्रण चढत जातं, नोव्हेंबरचं बहुधा गेलंच असेल. तेव्हाच दोन ओळी लेखी दिल्या असत्यात, तर आज मला ‘बहुधा’ म्हणावं लागलं नसतं.

आणि इन्चार्जबरोबरचं चॅट तुम्ही ‘नवऱ्याने पाहू नये म्हणून’ डिलीट केलंत. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. भीती मला कळते. पण याच वर्षी मला आलेलं हे चौथं पत्र आहे ज्यात बाईने स्वतःच्या हाताने स्वतःचा पुरावा पुसला. एखाद्या मैत्रिणीला तेव्हा स्क्रीनशॉट पाठवला होता का, ते शोधा.

तक्रार कुणाकडे, हा तुमचा दुसरा प्रश्न. इन्चार्ज कंत्राटदाराचा नाही, ज्याने कंत्राट दिलं त्या मूळ विभागाकडून आलेला आहे. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी कामगार येतातच. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो दुसऱ्या विभागाचा असला, तरी पीडित महिलेच्या कामाच्या ठिकाणची समिती चौकशी करू शकते. ते प्रकरण सरकारी विभागांमधलं होतं. कंत्राटदाराच्या समितीला ते कसं लागू होईल यावर वाद होऊ शकतो, म्हणून एक प्रत मूळ विभागाच्या समितीलाही द्या. समितीच नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचा पत्ता मिळेल.

समितीपुढे मी तुमच्या बाजूने उभा राहू शकत नाही, नियमांत वकिलाला परवानगी नाही. त्यामुळे कागद नीट हवा. बोलायचं तेही तुम्हालाच. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. संपेलच असं मी म्हणत नाही, लांबलेल्या चौकश्या मी पाहिल्या आहेत. पण तोवर तुमची किंवा त्याची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, हे लेखी मागता येतं. रात्रपाळ्यांचा प्रश्न तिथे मांडा, तिथे त्याला वजन आहे.

पोलिसांकडे जायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा, समितीची वाट पाहण्याचं बंधन नाही. नुसत्या अश्लील शेऱ्याच्या गुन्ह्याला एक वर्षाची मुदत आहे, हात धरण्याचा प्रकार त्याहून गंभीर.

रिलिव्हर आला नाही की बारा-बारा तास बसावं लागतं, जेवणाचा ब्रेक कापला जातो, दारू पिऊन फोन करणारे घाणेरडं बोलतात आणि तरी कॉल आपण कापायचा नाही, हेही तुम्ही लिहिलं आहे. त्यावर करारपत्र आणि वेतनचिठ्ठ्या पाहिल्याशिवाय बोलणार नाही. त्या पाठवा, तो दावा मे महिन्यानंतरही करता येईल.

तक्रारीच्या सहा प्रती काढा, प्रत्येक पानावर सही करा. सातवी प्रत तुमची. तिच्यावर तारीख आणि शिक्क्यासह पोच मिळाल्याशिवाय तिथून उठू नका. घेणारी व्यक्ती ‘मॅडम नाहीत, ठेवून जा’ म्हणाली, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.