मार्च महिन्यातला स्वेटर

परवा एका आईचा मेसेज आला. "मॅडम मुलगी आठवीत आहे, शाळेत कपड्यांवरून सारखं बोलतात, आता ती जायलाच नको म्हणते. आम्ही शाळेत जाऊन बोललो तर मार्कांवर राग काढतील का?" असे मेसेज मला जूनमध्ये आणि गॅदरिंगच्या आसपास हमखास येतात, त्यामुळे प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एक जुनी केसच सांगते. त्या घराची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं गाळलंय. मुलीला तिचा धाकटा भाऊ ताई म्हणतो, आपणही ताईच म्हणू.

ताई खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावची, आठवीतली, अनुदानित शाळा, मुलं-मुली एकत्र. आई घेऊन आली ती पोटदुखीसाठी. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, जंताचं औषध झालं, आजीने मीठ-मिरच्या ओवाळून नजरही काढली, शेवटी डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही, एकदा समुपदेशकाला दाखवा. आईचं म्हणणं, गणिताची भीती असेल. मी म्हटलं पोट नेमकं कधी दुखतं? तर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी. वहीच्या मागे चिकटवलेलं टाइमटेबल बघितलं तर गणित रोजच होतं, सोमवारी आणि गुरुवारी पीटी.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मार्च संपत आलेला. आमच्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या आसपास असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि ही पोर शाळेचा लोकरी स्वेटर घालून, चेन गळ्यापर्यंत लावून माझ्यासमोर बसलेली, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं, कपाळावरचे केस घामाने चिकटलेले. पंखा पाचवर केला, काढ गं तो स्वेटर म्हटलं तर म्हणाली, "नको, सवय आहे." आई लगेच, "बघा ना मॅडम, किती हट्टी झालीये."

मी आईला बाहेर बसवलं. पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही, दुसऱ्या वेळी बोलली. त्यांच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना पिनाफोर, आठवीपासून पंजाबी ड्रेस आणि ओढणी, ती पण दोन्ही खांद्यांवर पिना लावून व्ही आकारात, आणि पीटीलासुद्धा काढायची नाही. एका सकाळी परिपाठाला हिची एक पिन निघाली होती. बाईंनी रांगेतून बाहेर काढलं आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, "असं उभं राहिल्यावर पोरांचं लक्ष अभ्यासात कसं लागेल?" त्यावर मुलांच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवर खोकला सुरू. पीटीला धावायला लागली की जास्तच. बाईंना हे माहीतही नाही, पोरांना मात्र लायसन्स मिळालं.

मग तिने एक गोष्ट सांगितली जी मी अजून विसरले नाहीये. तिची बाकावरची मैत्रीण, दोघींचं कापड एकाच दुकानातलं, शिवलेलं एकाच टेलरकडे, कारण आयांनी मिळून दिलेलं. त्या मैत्रिणीची पिन तर रोजच निघते आणि तिला कुणी काही म्हणत नाही. मी विचारलं का बरं? तर खाली बघत म्हणाली, "ती बारीक आहे ना मॅडम."

बघा म्हणजे, तोच नियम, तोच ड्रेस, तोच टेलर. अडवलं कुणाला, तर जिचं शरीर आधी वाढलं तिला. नियम कापडाचा असता तर दोघींना लागला असता. तेरा वर्षांच्या पोरीने याचा अर्थ बरोब्बर काढला की शाळेला चालत नाही ते माझं अंग. कपडे बदलता येतात, अंगाचं काय करणार, म्हणून मग स्वेटर, म्हणून खांदे पुढे पाडून चालणं, म्हणून पाणी कमी पिणं कारण बाथरूमला जाताना मुलांच्या वर्गावरून जावं लागतं. पोट दुखत होतं ते खोटं नव्हतं हो. अशी पोटदुखी खरीच असते, फक्त सोनोग्राफीत दिसत नाही.

आता माझी चूक पण सांगते. तिचं ऐकून मी सवयीने म्हणून गेले, की आईला सांगून जरा ढगळ कुर्ता शिवून घेऊ या का, म्हणजे प्रश्नच मिटेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण." इतकी वर्षं हे काम करतेय आणि एका वाक्यात पोरीने मला बाईंच्या शेजारी नेऊन उभं केलं. मी सॉरी म्हटलं, खरंखुरं. पुढच्या वेळी येते की नाही अशी धाकधूक होती, पण आली.

त्या वेळी मी तिला कोरा कागद दिला, मधे रेघ मारून, एका बाजूला मुलींचे नियम लिही, दुसऱ्या बाजूला मुलांचे. मुलींची बाजू भरून मागच्या पानावर गेली. दोन वेण्या, काळी रिबीन, ओढणीच्या पिना, आत स्लिप, हातात बांगडी नको पण कानात बारीक टॉप चालतील, नेलपॉलिश नको, मेंदी फक्त सणाला. मुलांच्या बाजूला तीन ओळी, केस बारीक, शर्ट इन, पायात बूट. खाली तिने स्वतःहून लिहिलं होतं, 'पीटीला मुलं शर्ट काढून कबड्डी खेळतात.' आणि त्याच्या खाली, 'गॅदरिंगला आम्हाला लिपस्टिक लावून नऊवारी नेसवून लावणीवर नाचवतात तेव्हा सगळे पाहुणे समोर बसलेले असतात, तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही का?' मला हसूच आलं, आणि तीही पहिल्यांदा हसली.

पुढची अडचण घरातच होती. ताईचे पप्पा म्हणाले, "शाळेचं काय चुकलं? काळ वाईट आहे, पोरीच्या चांगल्यासाठीच सांगतात." हे मला दर दुसऱ्या घरात ऐकू येतं आणि त्या भीतीला मी नावं ठेवत नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, की उद्या खरंच कुणी तिच्या अंगावर हात टाकला तर ती घरी येऊन सांगेल का? जिला सगळ्यांसमोर शिकवलंय की पोरांनी बघितलं तर चूक तुझ्या ओढणीची, ती आधी मनात तपासणार की मी काय घातलं होतं, आणि गप्प बसणार. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, अठराच्या आतल्या मुलाचं किंवा मुलीचं संरक्षण करताना अंगावर कपडे कुठले होते असं विचारत नाही. आपण घरात मात्र पहिला प्रश्न तोच विचारतो. पप्पा बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आता पोरींनी पॅन्ट-शर्ट घालायचे का शाळेत?" मी म्हटलं केरळात घालतात की. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलं-मुली सगळ्यांना सारखीच थ्री-फोर्थ पॅन्ट आणि शर्ट. २०२१ च्या डिसेंबरात कोळिकोडजवळच्या बालुशेरीच्या सरकारी शाळेत अकरावीच्या मुलींना पॅन्ट-शर्ट आला तेव्हा विरोधही झाला. आणि माझा स्वतःचा एक आक्षेप आहेच, की सारखं करायचं म्हटलं की दर वेळी मुलांचाच ड्रेस मुलींना का? पण ते जाऊ द्या, ताईला पॅन्ट नकोच होती. तिला धावायचं होतं.

आता मूळ प्रश्न, शाळेत बोलावं का. बोलावं, पण रागारागात गेटवर जाऊन नाही आणि एकट्याने तर नाहीच. ताईच्या आईने आधी त्या मैत्रिणीच्या आईला सोबत घेतलं, मग आणखी दोघी मिळाल्या, चौघी झाल्यावर एका पोरीवर राग काढणं अवघड जातं. कोणत्या बाई हे अर्जात लिहिलं नाही, काय घडलं आणि काय हवंय तेवढंच लिहिलं, आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घेतली. मागण्या साध्या. ड्रेसचा नियम कापडाच्या मापात लेखी द्या आणि सगळ्यांना सारखा लावा. चूक दिसली तर बाजूला घेऊन सांगा, परिपाठाला नको. पीटीला ओढणी नको, टी-शर्ट आणि ट्रॅकपॅन्ट चालू द्या. आणि खोकणाऱ्यांशी शाळेने बोला, कारण लक्ष विचलित होतंय तर ज्याचं होतंय त्याला समजवा ना.

हातात थोडा कायदा असलेला बरा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्यासोबत मानसिक छळालाही बंदी आहे, आणि आठवीपर्यंतचं मूल त्यात येतं. त्याच कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. शिवाय २०२२ पासून मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती हवी असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. या चौघींनी विचारलं, आपल्या शाळेतली सखी सावित्री समिती कोण? मुख्याध्यापिका बाईंनी क्लार्ककडे बघितलं, क्लार्कने कपाटाकडे.

"अहो आम्हीही मुलींच्या आयाच आहोत," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या म्हणे, आणि मला त्यात खोटं काही वाटत नाही. त्या बाईंनाही कुणीतरी कधीतरी असंच रांगेतून बाहेर काढलं असेल.

झालं काय, तर अर्धंमुर्धं. पीटीला ट्रॅकपॅन्ट आली. लेखी नियम आला पण त्यात वेण्या आणि रिबीन तशाच. बाई ताईशी अजून सरळ बोलत नाहीत, मार्क मात्र कमी झाले नाहीत, सहामाहीला उलट वाढले. खोकला काही दिवस चालला, मग पीटीच्या सरांनी मुलांची शाळा घेतली तेव्हा थांबला. सोमवारचं पोट दुखणं त्याच्याही नंतर, हळूहळू. स्वेटर एका दिवशी माझ्याकडेच विसरून गेली, न्यायला आली नाही, मी पण फोन केला नाही.

गेल्या महिन्यात आईचा पुन्हा फोन. या वेळी धाकटा. सातवीत आहे, केस वाढवले म्हणून सरांनी वर्गात पुढे बोलावून रबरबँडने त्याचा बुचडा बांधला आणि विचारलं, "काय रे, मुलगी आहेस का?" सगळा वर्ग हसला. तो आता घरातही टोपी काढत नाही. आई म्हणाली, "मॅडम, ताई माझ्याआधी अर्ज लिहून बसलीये." मी म्हटलं घेऊन या त्याला, आणि या वेळी पप्पांनाही आणा.