पत्रा लांब की आखूड?

प्रश्न : मी साताऱ्यात बँकेत नोकरीला आहे. दोन वर्षांपासून दर रविवारी घरामागच्या शेडमध्ये पत्रा ठोकायला शिकतोय. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीची बॉडी उतरवून तिथे स्वतःच्या हातची दोन सीटची बॉडी चढवायचं मनात आहे. सध्या पुढचा मडगार्ड करतोय. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने मधोमध ठोकलं की खोलगट होतं, पण कडेला झालर येते. ती सपाट करायला जावं तर वाढते. गॅसने जोड दिला की त्याच्या शेजारचा पत्रा अंगठ्याने दाबल्यावर टकटक आत-बाहेर होतो. आता इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून गोलाई देणारं यंत्र) घ्यावं का?

उत्तर : व्हील नको. व्हील पत्रा ताणतं, आणि तुमच्या मडगार्डचं दुखणं ताणूनच झालंय.

मी कोल्हापुरात ३८ वर्षं डेंटिंग केलं. उमेदवारीत उस्ताद हातोडा द्यायच्या आधी खडू द्यायचे. पत्र्याच्या ज्या जागी काम करायचं तिथे ‘ल’ किंवा ‘आ’ लिहायचं : इथे पत्रा लांब झालाय की आखूड पडलाय? अक्षर चुकलं तर हातोडा परत घ्यायचे. मला तो छळ वाटायचा. मग एकदा ते जेवायला गेलेले असताना मी खडूशिवाय ॲम्बॅसडरचा बॉनेट नीट करायला घेतला आणि त्याचा भाजलेला पापड केला. तो त्यांनी वर्षभर भिंतीला टांगून ठेवला होता.

तुमच्या मडगार्डवर खडू चालवू. मध्ये खोलगट झाला तशी कड आत ओढली गेली. तिला आता कमी जागेत मावायचंय, म्हणून झालर. म्हणजे कडेला ‘ल’. तुम्ही ती ऐरणीवर लोखंडी हातोड्याने सपाट करत असणार. लोखंडावर लोखंड आपटलं की मधला पत्रा पातळ होतो आणि पसरतो. लांब झालेली कड तुम्ही आणखी लांब केलीत.

ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना विचारा, कापड जास्त झालं की त्या काय करतात. टक घेतात. आपणही तेच करायचं, फक्त आपला टक पत्र्याच्या पोटात जिरवायचा. दोन गोल सळया पाइपच्या टोकाला शेजारी शेजारी वेल्ड करून चिमटा बनवा. त्यात कड धरून पिळली की बारीक चुणी उभी राहते. ती उलगडू न देता लाकडी हातोडीने दाबत जिरवा. तिथे पत्रा किंचित जाड होतो, कड आखूड होते. एकदम मोठी चुणी घेऊ नका. ती आडवी पडून दुमडते, आणि दुमड म्हणजे पुढे चीर ठरलेली.

जोडाशेजारच्या टकटकीत नवखा हमखास फसतो. ढिला दिसतो तो भाग, म्हणून तोच तापवून आकसवायला जातो. अहो, तो भाग निर्दोष आहे! वेल्डिंग थंड होताना जोडाची रेघ आकसली आणि तिने शेजाऱ्याला चुरगळलं. ‘आ’ जोडावर लिहा. खाली डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरा, वरून जोडावरच हलके ठोके द्या, रेघ थोडी लांबू द्या. टकटक बऱ्याचदा आपोआप जाते. गॅसचा जोड मऊ असतो म्हणून हे जमतं, मिगचा (विजेवर तार वितळवून केलेल्या वेल्डिंगचा) जोड कडक असतो, ठोकताना दमवतो.

डॉलीचंही लक्षात ठेवा. ठोका बरोबर डॉलीच्या डोक्यावर पडला तर पत्रा लांबतो. डॉली खोलगट भागाखाली आणि ठोका शेजारच्या उंचवट्यावर पडला तर पत्रा फारसा न ताणता सरळ होतो. पुण्याला गेलात तर कसब्यातल्या तांबट आळीत अर्धा तास उभे राहा. मठारकामात, म्हणजे भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका देत जाण्याच्या कामात, एक ठोका दुसऱ्यावर कसा अर्धवट चढतो, तेवढंच बघा. मी सांगून ते कळणार नाही.

पुढच्या वेळी पत्रा कापण्याआधी मूळ मडगार्डवर वर्तमानपत्राचा कागद घट्ट बसवून बघा. कागदाला चुणी पडते तिथे पत्रा आकसवावा लागेल, कागद फाटतो तिथे ताणावा लागेल. सगळा खडू फुकटात मिळतो. पत्रा सीआरसीच (थंड लाटलेला) घ्या, २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. दुकानात ‘डीडी’ (डीप ड्रॉ) किंवा ‘ईडीडी’ (एक्स्ट्रा डीप ड्रॉ) मागा, ते खोल आकाराला साथ देतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापवू नका, त्या धुराने ताप भरतो.

आता कडू गोष्ट. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. तिची बॉडीच सगळा भार पेलते. ती उतरवलीत तर हातात चाकं आणि इंजिन उरेल. जुन्या जीपसारखी स्वतंत्र चासीची गाडी शोधा. शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेतल्या बदलांना चाप लावलाय. पहिला पत्रा कापायच्या आधी आरटीओत जाऊन या. मडगार्ड मात्र करत राहा.

प्रश्न : लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम घेतलं तर नवशिक्याला सोपं जाईल का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : ठोकायला सोपं, तापवायला अवघड. इटलीतल्या मोडेनात स्कालियेत्ती या बॉडी बनवणाऱ्या कारागिराच्या कारखान्यात फेरारीच्या ॲल्युमिनियमच्या बॉडी वाळूच्या पिशव्यांवरच ठोकून घडवत. पण ठोकून ठोकून हा पत्रा कडक होतो आणि तापवून परत मऊ करावा लागतो. लोखंड लाल होऊन इशारा देतं, हे देत नाही. रंग न बदलता ६६० अंशांना वितळून खाली पडतं. माझ्या पहिल्या पत्र्याला असंच ताटलीएवढं भोक पडलं होतं. म्हणून आधी कपड्याच्या साबणाची वडी पत्र्यावर घासा आणि उलट्या बाजूने आंच द्या. साबण काळपट तपकिरी झाला की ज्योत लगेच बाजूला घ्या.