काटेकोर स्वभाव आणि सुरक्षिततेची नोकरी

‘माझ्या कामात चुका नसतात, पण मला वेळ फार लागतो, मला सुरक्षा विभागातली नोकरी जमेल का?’ हा प्रश्न करिअर समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येतो आणि त्याला चटकन होकार देण्याचे मी टाळते. रसायन अभियांत्रिकीची पदविका घेऊन एका औषधनिर्मिती कारखान्याच्या उत्पादन विभागात काम करणाऱ्या तरुणाने तो विचारला, तेव्हाही मी तेच केले. (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.) ‘हा प्रत्येक गोष्टीत खोट काढतो’ अशी त्याच्या शिफ्टप्रमुखांची तक्रार होती.

कोणती गोष्ट पुन्हा तपासली आणि त्यातून काही निघाले का, याची आठवडाभर नोंद ठेवायला मी त्याला सांगितले. स्वतःच्या सह्या आणि आकडे पुन्हा पाहून त्याला काहीच सापडले नव्हते. मात्र गॅस मापकाच्या कॅलिब्रेशनची (मापक अचूक आकडा दाखवतो का, या पडताळणीची) उलटून गेलेली तारीख आणि उंचावर काम करण्यासाठी बांधलेल्या परांचीचा सही नसलेला टॅग त्याने पहिल्याच नजरेत टिपला होता. म्हणजे त्याची नजर पक्की होती. वेळ जात होता तो बोलणी बसण्याच्या भीतीपायी. (हेच तपासणे घरचे कुलूप आणि गॅसच्या बटणापर्यंत पोहोचले असते, तर मी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते.)

मग मी त्याच्यापुढे एक प्रसंग ठेवला. वार्षिक शटडाउनमध्ये, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद असताना, रसायनांची प्रक्रिया होते ते बंदिस्त भांडे म्हणजे रिअ‍ॅक्टर साफ करायचा आहे, कंत्राटदाराची माणसे खोळंबली आहेत आणि काम सुरू करण्याच्या परवान्यावर तुमची सही हवी आहे. बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी प्रमाणपत्र द्यावे, असे नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36 ने घालून दिले होते. झाकणाशी ऑक्सिजन ठीक दिसला तरी तेवढ्याने भागत नाही. टोल्यूइन या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, ऑक्सिजनची जागा घेणाऱ्या नायट्रोजनला तर वासही नसतो, म्हणून मधले आणि तळाचे मापनही घ्यावे लागते, आणि ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर सही नाकारावी लागते. ‘तेव्हा तुम्ही काय म्हणाल?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘मी अहवालात नमूद करीन.’

तोवर माणूस आत उतरलेला असतो. सुरक्षा अधिकाऱ्याला बारकावे दिसावे लागतातच, शिवाय वरिष्ठांसमोर त्याच क्षणी काम थांबवावे लागते, आणि माझ्या मते ही दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे.

पात्रतेचा प्रश्न त्या मानाने सोपा होता: पदविका, पर्यवेक्षणाचा अनुभव, औद्योगिक सुरक्षिततेची पदविका आणि बहुसंख्य कामगारांची भाषा. जागाही वाढण्याजोग्या आहेत, कारण सुरक्षा अधिकारी नेमण्याची 1000 कामगारांची जुनी मर्यादा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने कारखान्यांसाठी 500 वर, तर धोकादायक प्रक्रियांसाठी 250 वर आणली आहे.

पुढच्या शटडाउनमध्ये त्याने परवाना विभागात काम मागून घेतले. नकार देणे त्याला जमले, पण प्रत्येक वादानंतर रात्रभर झोप लागेना, आणि शेवटी त्याने त्याच कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात बदली घेतली. ‘ऑफिसर’ हे पद हुकले म्हणून वडील नाराज झाले. मापक चुकीचा आकडा दाखवत असेल तर परवान्यावरची सही निरर्थक ठरते, त्यामुळे हेही सुरक्षिततेचेच काम आहे, एवढे मी त्यांना समजावले. पदाबद्दलची त्यांची हळहळ मात्र पुरती गेली नाही.