एकटीने स्कीइंगला जायचंय? आधी उतारावरची सोबत बघा

मैत्रिणींनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, स्की पायाला कधी लावलेली नाही, बजेट बेताचं आहे आणि अनोळखी लोकांच्या गटात आठवडाभर आपलं कसं होणार, असं तुम्ही विचारलंय. मी अशा गटांबरोबर सात वेळा गेले आहे, सातही वेळा एकटी. तुम्ही जाच. फक्त गट निवडताना मी पहिल्यांदा केलेली चूक टाळा.

मी तेव्हा सगळ्यात स्वस्त खोली शोधली होती. सहा जणींची खोली, मुली अगदी गोड. पण त्या पाचही जणी लहानपणापासून स्कीइंग करणाऱ्या. सकाळी त्या डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टने वर निघून गेल्या आणि मी खालच्या शिकाऊ उतारावर एकटी, शिकवायला कुणी नाही. दोन दिवस पडत-उठत काढले आणि दुसऱ्या संध्याकाळी चक्क रडले. तिसऱ्या दिवशी पैसे भरून नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. तिथे माझ्यासारखेच धडपडणारे पाच जण भेटले आणि त्या दुपारपासून सहल खऱ्या अर्थाने सुरू झाली. ओळखी उतारावर होतात. एकमेकांना बर्फातून उठवताना जी मैत्री होते ती खोलीत गप्पा मारून होत नाही.

म्हणून आयोजकांना आधी हे विचारा: एकटे येणारे किती, अगदी नवशिके किती, शिकवणी पैशांत धरली आहे का, आणि पातळीप्रमाणे गट पाडता का. ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो’ हे उत्तर नाही, आकडे मागा. गटात नवशिक्या तुम्ही एकट्याच असाल तर तो गट कितीही स्वस्त असला तरी सोडा. आणखी एक, गटाबरोबर येणारा प्रमुख आणि प्रशिक्षक या वेगळ्या व्यक्ती असू शकतात. प्रमुख बहुतेक वेळा सोबत करतो, शिकवत नाही.

आता पैशांचं. जाहिरातीतला आकडा बहुधा राहणं आणि प्रवास एवढाच असतो. लिफ्ट पास म्हणजे लिफ्ट वापरायचं तिकीट, स्की-बूट भाड्याने, शिकवणी, विमा, दुपारचं जेवण हे वेगळं. ही बेरीज करून मगच तुलना करा, कारण वरवर महाग दिसणारी सर्वसमावेशक सहल बरेचदा स्वस्त पडते. फ्रान्समधली यूसीपीए ही 1965 पासूनची ना-नफा संस्था याच पद्धतीने चालते: सामायिक खोली, जेवण, पास, साहित्य आणि शिकवणी एकाच रकमेत. एकटं जाणाऱ्यांना ही रचना फार सोयीची आहे, कारण वर्गातलेच लोक जेवणाच्या टेबलावरही असतात. स्वतंत्र खोली मागितलीत तर ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणजे एकटीने खोली घेण्याचा जादा आकार लागतो आणि तो चांगलाच बोचतो. खोली वाटून घ्यायची तयारी असेल तर ती फक्त बायकांचीच असेल हे लेखी घ्या.

नवशिक्याने पहिल्या दिवशी पूर्ण परिसराचा पास घेऊ नये. बऱ्याच ठिकाणी शिकाऊ उतारावरच्या लिफ्ट फुकट असतात किंवा त्यांचा वेगळा स्वस्त पास मिळतो. नवीन वर्ष उलटल्यानंतरचा जानेवारी स्वस्त, पण थंडी कडक. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागतात, गर्दी आणि दर दोन्ही चढतात, तो महिना टाळा. मार्चअखेरीस जाणार असाल तर उंचावरचं ठिकाण घ्या. फ्रान्समधलं व्हाल थोरान्स गावच 2300 मीटरवर आहे, तिथे बर्फाची काळजी कमी. बल्गेरियातलं बान्स्को स्वस्त म्हणून सगळे सुचवतात आणि ते खरंही आहे, पण गाव साधारण 900 मीटरवर आणि स्कीइंग बरंच वर, त्यामुळे सकाळी गोंडोलाला, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या बंद डब्यांच्या लिफ्टला, मोठी रांग लागते. तिथे गेलात तर लवकर उठा.

बुटांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण आठवडा बिघडतो तो बहुतेक त्यांच्यामुळेच. स्कीच्या बुटांचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतं, घरीच मोजून जा. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीशी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलली जाता कामा नये. मोजे एकच जोडी, पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की रक्तपुरवठा दबतो आणि पाय जास्तच गारठतात. पहिल्या तासात दुखलं तर सहन करू नका, दुकानात परत जा. भाड्याचे बूट बदलून देतात, लाजायचं कारण नाही.

दुकानात वजन, उंची, वय आणि पातळी विचारतात तेव्हा खरं तेच सांगा. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून तिचा ताण मुख्यतः यांवरून ठरतो. स्वतःला ‘मध्यम’ म्हणवून घेतलंत तर तो जास्त घट्ट लावला जातो, मग पडताना स्की सुटली नाही तर गुडघ्याचा अस्थिबंध फाटू शकतो.

पातळीचा हा खरेपणा गटातही ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी प्रेमाने म्हणतंच, ‘चल ना वर, निळीच वाट आहे.’ भिडेखातर जाऊ नका. युरोपात निळा रंग सोप्या वाटेचा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये त्याहून सोपी हिरवी असते. उत्तर अमेरिकेत मात्र सोपी ती हिरवी आणि निळी म्हणजे मध्यम. शिवाय सकाळी मऊ असलेली निळी वाट दुपारनंतर गुळगुळीत बर्फाची झालेली असू शकते. त्या दिवशी प्रशिक्षकाने ती वाट करून घेतली असेल तरच जा. उतारावर पुढच्याचा हक्क पहिला, टाळायची जबाबदारी मागून येणाऱ्याची, हा नियम पाठच करा. आणि अरुंद जागी किंवा वळणाआड थांबू नका.

विम्यात हिवाळी खेळ स्पष्ट लिहिलेले हवेत, उतारावरून खाली आणण्याचा खर्चही. इटलीत दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा 2022 पासून सक्तीचा आहे. फोनमध्ये गटप्रमुखाचा नंबर आणि युरोपात 112 ठेवा. सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नका, ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो.

संध्याकाळी बारमध्ये गेलंच पाहिजे असं नाही, तिथे पैसे भराभर जातात. पण रात्रीचं जेवण गटाबरोबरच घ्या, दमला असलात तरी. पहिल्या दोन रात्री अवघडल्यासारखं होईल, ते सगळ्यांनाच होतं. दिवसा लिफ्टच्या रांगेत एकट्यांसाठी वेगळी ओळ असेल तर तिथे उभ्या राहा. नंबर लवकर लागतो आणि चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेला टांगलेल्या बाकावर, पाच-दहा मिनिटं शेजारी कुणीतरी बोलायला मिळतं.

चुकून वर पोचलात आणि उतार बघून पोटात गोळा आला, तर गोंडोलाने खाली येता येतं, काही चेअरलिफ्टनेही. लिफ्टवरच्या माणसाला हात करून सांगा, तो वेग कमी करून बसवून देतो. मी दुसऱ्या सहलीत दोनदा अशीच खाली आले आहे, एकदा तर वर्गातल्या चौघांना सोबत घेऊन.